घरचा डेंटिस्ट

राजन टिपणिसांच्या घरात गेली कित्येक वर्षं कुणी दातांच्या डॉक्टरची पायरी चढलेलं नव्हतं. दात धड होते म्हणून नव्हे. राजनरावांची पुढच्या दातावरची कॅप बोलताना हलायची, आणि त्यांची बायको हेमा हिच्या डावीकडच्या खालच्या दाढेला एवढं भगदाड पडलं होतं की आत गेलेला शेंगदाणा काढायला आरसा घेऊन बसावं लागे. पण मुलगी अमेरिकेत डेंटिस्ट होत होती. घरचा डॉक्टर तयार होत असताना बाहेरच्याची भर करायची म्हणजे राजनरावांच्या मते निव्वळ गाढवपणा. "स्पृहा येऊ दे," ते म्हणायचे, "सगळ्यांचं एकदमच करून टाकू." जसा काही घराला रंगच काढायचा होता.

हेमा थांबली. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून थांबली, उजव्या बाजूने चावत थांबली. भर ऑगस्टात कोमट पाणी पिणारी बहारीनमधल्या त्यांच्या अख्ख्या रिफा गावात ती एकटीच बाई असेल. कुणी विचारलं तर राजनरावच पुढे होऊन सांगत, "तिला गार सोसत नाही." का सोसत नाही, ते सांगत नसत.

आता हे घरच्या डेंटिस्टचं प्रकरण कुठून सुरू झालं, तेही सांगायला हवं. राजनराव तरुणपणी एका प्रोजेक्टवर दोन वर्षं ह्यूस्टनला होते. तिथे स्पृहा झाली, त्यामुळे तिला अमेरिकेचा पासपोर्ट मिळाला. बाळंतपण हेमाचं, कर्तबगारी राजनरावांची. पुढे बहारीनला आल्यावर त्या पासपोर्टाचा टेंभा त्यांनी इतका मिरवला, की महाराष्ट्र मंडळातल्या नव्या माणसाला टिपणिसांचं आडनाव कळण्याआधी त्यांच्या मुलीचं नागरिकत्व कळायचं. "पोरगी अमेरिकेत शिकणार. पैशाची काळजी नाही, बाप बसलाय," हे वाक्य ते दर दिवाळीच्या फराळाला चकलीसारखं पुढे करत.

बाप बसलाच होता. स्पृहाला तिकडे डेंटल कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हाही तो उठला नाही. तेव्हा एकदम पुण्यातल्या रो-हाउसचे हप्ते आठवले, नवी गाडी आठवली, नोकरीची शाश्वती नसल्याचंही आठवलं. वर शहाणपण होतंच: "अमेरिकेत सगळी मुलं कर्ज काढूनच शिकतात. स्वावलंबी व्हायला नको?" स्पृहाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोर आईसारखी गप्प बसणारी असली, तरी आईसारखी बसून राहणारी नव्हती. तिने चौकशी केली. अमेरिकेचं नौदल आपल्या नागरिकांची डेंटल कॉलेजची फी भरतं. जितकी वर्षं ते फी भरणार, तितकी वर्षं नंतर त्यांच्या गणवेशात राहून दात बघायचे. तिने शपथ घेतली, सह्या केल्या आणि मग व्हिडिओ कॉलवर घरी सांगितलं.

राजनरावांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे स्कॉलरशिप."

"नो बाबा. नेव्ही."

"तेच गं. स्कॉलरशिपच ती."

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात 'अमेरिकेत संपूर्ण स्कॉलरशिप मिळवणारी आपली कन्या' म्हणून स्पृहाच्या आईबापांचा सत्कार झाला. मंडळाचे अध्यक्ष जयेश दिघे यांनी शाल पांघरवली, नारळ दिला. राजनरावांनी माइकवर 'मुलांना मोकळीक द्या' या विषयावर चांगलं ताणून भाषण केलं. हेमा शेजारी हसत उभी होती आणि तिची दाढ ठणकत होती. हा माणूस खोटं बोलतोय, असं तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं तिला वाटलं. तिने शाल नीट केली आणि फोटोसाठी पदर सारखा केला.

खरं काय ते लपवायचं कारण साधं होतं. राजनरावांच्या लेखी सैन्यात जाणारी माणसं म्हणजे बारावीला मार्क कमी पडलेली. त्यांना पंधरा ऑगस्टला सलाम ठोकायचा, पण आपल्या घरात ती नकोत. त्यातून अमेरिकन नौदल त्यांनी पाहिलं होतं ते बहारीनमधल्या त्यांच्या तळाबाहेर, जुफैरच्या रस्त्यांवर, सुट्टीच्या संध्याकाळी, हातभर गोंदवलेलं आणि मोठ्याने हसणारं. जुफैरवरून जायची वेळ आली की ते गाडीच्या काचा वर करत, जसा काही बाहेरून वास यायचा. त्या गर्दीत आपली मुलगी हे चित्र त्यांना मानवण्यासारखं नव्हतं. फी भरणं त्याहून मानवण्यासारखं नव्हतं, हा भाग वेगळा.

शिक्षण संपलं, वर्षभराचं पुढचं प्रशिक्षणही तिकडेच झालं आणि एक दिवस स्पृहाचा फोन आला. तिची नेमणूक परदेशातल्या तळावर झाली होती, आणि तो तळ होता बहारीनचा, जुफैरचा. हेमा ओट्याला टेकून रडली. इतकी वर्षं दर वेळी विमानतळावर सोडलेली पोर गाडीने अर्ध्या तासावर येणार होती. राजनरावांनी फोन हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो असा:

"तू युनिफॉर्म घालून बाहेर हिंडणार का?"

"नाही बाबा. बेसच्या बाहेर अलाउड नाही."

राजनरावांचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडल्या पडल्या त्यांनी पुढची थाप तयार केली. मुलीला 'जुफैरच्या अमेरिकन हॉस्पिटलात' बोलावून घेतलंय, असं त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. खाली हात जोडलेल्या आणि फुलांच्या चित्रांची रांग लागली. लगोलग दुसरी रांग लागली ती दातांची. दिघ्यांचा एक ब्रिज सैल झाला होता. त्यांच्या बायकोला, सुनंदाला, पुतण्याच्या लग्नाआधी दात पांढरे करून हवे होते. कुणाची रूट कॅनाल अर्धी राहिली होती, कुणाच्या आईची कवळी टोचत होती. बँकेत साहेब असलेली, हॉटेलात वेटरला घसघशीत बक्षिशी देणारी ही माणसं टिपणिसांच्या मुलीसाठी दात राखून बसली. राजनराव कुणाला नाही म्हणाले नाहीत. "आपलीच मुलगी आहे, पैशाचं नाव काढायचं नाही," असं वर दटावत होते. फुकटचं वाटायला त्यांना फार आवडे, फक्त ते दुसऱ्याचं असलं पाहिजे.

स्पृहा यायच्या आधीच्या आठवड्यात हेमाचा गाल सुजला. गोळीने दुखणं थांबेना, ताप आल्यासारखं वाटायला लागलं. ती म्हणाली, "अहो, मी एकदा क्लिनिकला दाखवून येते. आता सोसवत नाही."

"आता?" राजनराव कळवळून म्हणाले. "पोर आठवड्यावर आली आणि तू परक्यापुढे तोंड उघडणार? डॉक्टर झालेली मुलगी पहिल्यांदा घरी येतेय. तिला काय वाटेल?"

कुणाला काय वाटेल याची राजनरावांनी आयुष्यात पर्वा केली नव्हती. पण हेमा करते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्या एका माहितीवर त्यांचा संसार सुरळीत चालला होता. हेमाने कपाटातल्या जुन्या गोळ्या शोधून घेतल्या आणि ती पुन्हा थांबली. या वेळी मात्र आपल्याला काय झालंय याचा तिला मनातून धसका बसला होता. स्पृहा बघेल, स्पृहा वाचवेल, एवढ्यावर तिने तो आठवडा काढला.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, स्पृहा जुफैरला मिळालेल्या आपल्या फ्लॅटवरून जेवायला आली. साधी जीन्स, केस मागे घट्ट बांधलेले, खांदे ताठ. हेमाने पहाटेपासून वालाचं बिरडं आणि कोलंबीचा भात केला होता. स्पृहाने दारातच तिला मिठी मारली आणि गालाला गाल लागताच ती थबकली.

"आई, हे किती दिवस आहे?"

"अगं, थोडी सूज आहे. आधी जेवून घे."

"थोडी नाहीये. इट्स हॉट. किती दिवस?"

हेमाला दिवसांत उत्तर देता येईना. तेवढ्यात बेल वाजली आणि राजनराव लगबगीने दार उघडायला गेले. बाहेर जयेश दिघे आणि सुनंदा उभे होते. दिघ्यांच्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं. सहज आलो होतो, असं दोघं एकदमच म्हणाले.

तेव्हा कुठे हेमाचं खिडकीकडे लक्ष गेलं. राजनरावांनी आपली मागे रेलणारी खुर्ची उजेडाच्या तोंडाशी ओढून ठेवली होती. तिच्यावर डोक्याखाली घ्यायला उशी. शेजारच्या स्टुलावर बॅटरी, पाण्याचा तांब्या आणि चूळ थुंकायला स्टीलचं मोठं पातेलं. पातेलं हेमाचं श्रीखंडाचं होतं.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"काही नाही गं. नुसतं बघायचं. दिघेकाका आपलेच आहेत. काकांचं बघ, काकूंचं बघ, मग आईचं निवांत करू."

मुलगी पाच वर्षं शिकून डॉक्टर झाली आणि आईचा नंबर तिसरा लागला. हेमाच्या मस्तकात तिडीक गेली. दिघे तोपर्यंत खुर्चीत जाऊन आडवे झालेही होते. मंडळाच्या अध्यक्षाला खुर्ची दिसली की राहवत नाही. त्यांनी आ वासला.

"सॉरी काका," स्पृहा जागची हलली नाही. "मी नाही बघू शकत."

दिघ्यांनी आ तसाच ठेवून राजनरावांकडे पाहिलं.

"माझं लायसन्स अमेरिकेचं आहे. इथे मी फक्त बेसवर पेशंट बघू शकते. नेव्हीचे लोक आणि त्यांच्या फॅमिलीज. बाहेर कुणाच्या तोंडात इन्स्ट्रुमेंट घातलं, तर माझी नोकरी जाईल."

"नेव्ही?" सुनंदा म्हणाली. "पण राजनभाऊजी तर अमेरिकन हॉस्पिटल म्हणाले होते."

"हॉस्पिटल नाही काकू. मी नेव्हीत आहे. लेफ्टनंट. बाबांनी सांगितलं नाही?"

आता दिघ्यांनी तोंड मिटलं आणि खुर्ची सरळ केली. "म्हणजे, ती स्कॉलरशिप?"

"माझी फी नेव्हीने भरली. आता मी त्यांची ड्यूटी करते. दॅट्स द डील."

राजनरावांनी घसा साफ केला. इतकी वर्षं जपलेली थाप कार्पेटवर सांडली होती आणि ती कुणाकडून पुसून घ्यावी, असा त्यांचा चेहरा झाला. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मोहरा फिरवला.

"बरं, काका परके धरले," ते चढ्या आवाजात म्हणाले. "आईचं तर करशील? का आईच्या तोंडात बोट घालायलाही अमेरिकेची परवानगी काढायची? ती बघ गाल धरून बसलीय. तुझ्यासाठी थांबलीय बिचारी, किती वर्षं!"

स्पृहाने आईकडे पाहिलं. हेमाला ती नजर सोसवली नाही. पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दर कॉलला तिने 'तब्येत कशी आहे' विचारलं होतं, आणि दर वेळी हेमाने 'छान' म्हणून सांगितलं होतं.

"माझ्यासाठी?" स्पृहा म्हणाली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी मुलगी पुढचं सगळं मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द शोधत. "बाबा, तुम्ही फी भरली असती, तर हे हात माझे असते. इथलं लायसन्स काढून मी आईची दाढ केव्हाच नीट केली असती. तुम्ही म्हणालात, कर्ज काढ. मी हात गहाण ठेवले. आता ते सुटेपर्यंत कुणाचे दात बघायचे, ते मी नाही ठरवत. आईचे सुद्धा."

राजनरावांची कॅप नुसती हलली. दिघ्यांनी पाकीट उचललं. सुनंदाने 'येतो हं हेमाताई' म्हणताना तिचा दंड दाबला, त्यात कणव किती आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकायला काहीतरी मिळाल्याचा आनंद किती, हे सांगणं अवघड होतं. जाता जाता दिघे म्हणाले, "मग आम्ही आपले नेहमीच्या क्लिनिकलाच जातो." म्हणजे नेहमीचं क्लिनिक होतं. इतके दिवस दुकान उघडंच होतं, फक्त आत जायला पैसे पडत होते.

दार लागताच हेमा उठली. पर्स घेतली, गाडीची किल्ली स्पृहाच्या हातात दिली.

"चल."

"आत्ता? शुक्रवारी?" राजनराव म्हणाले. "आणि जेवण?"

"झाकून ठेवलंय," हेमा म्हणाली.

क्लिनिक घरापासून पाच मिनिटांवर होतं. रोज भाजीला जाताना हेमा त्याच्यावरून जायची. आत केरळची एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हेमाचं तोंड पाहिलं, एक्स-रे काढला आणि स्टूल ओढून समोर बसली.

"आंटी, बहुत लेट कर दिया. अंदर सब खराब है. निकालना पड़ेगा." मग स्पृहाकडे वळून तिने विचारलं, "आप?"

"बेटी," स्पृहा म्हणाली.

माझी मुलगीसुद्धा डेंटिस्ट आहे, असं हेमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. स्पृहाने हळूच नकाराची मान हलवली. मग त्या डॉक्टरिणीने प्लास्टिकची एक दाढ हातात घेऊन स्पृहाला समजावून सांगितलं, मूळ कुठे असतं, कीड कशी आत जाते, पू कसा साचतो. शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. स्पृहाने सगळं ऐकून घेतलं आणि 'ओके डॉक्टर' म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"दो साल पहले आ जातीं, तो शायद बच जाता," डॉक्टरीण म्हणाली आणि तिने सुई भरली.

दाढ सहजासहजी निघेना. मूळ आत तुटलं. डॉक्टरिणीच्या कपाळावर घाम आला, नर्सने दिवा खाली ओढला. हेमाला दुखत नव्हतं, नुसता जबड्याला हिसका बसत होता आणि आतून कडकड आवाज येत होता. तिने मान न हलवता डोळे कोपऱ्याकडे वळवले. स्पृहा तिथे स्टुलावर बसली होती. तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर वळत होती. डॉक्टरीण चिमटा डावीकडे फिरवी, तर ती बोटं थोडी उजवीकडे जात. तिथे वेगळं काहीतरी करायला हवं होतं, आणि ते त्या बोटांना ठाऊक होतं. एकदा तर स्पृहा अर्धवट उठली. पुन्हा बसली. मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.

हेमाच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. डॉक्टरिणीला वाटलं, दुखतंय. तिने आणखी एक इंजेक्शन दिलं.

बाहेर आल्यावर स्पृहाने गाडी चालवायला घेतली. हेमाच्या तोंडात कापसाचा बोळा होता. तो दाबून धरायचा आणि तोंड मुळीच उघडायचं नाही, असं डॉक्टरिणीने बजावलं होतं. हेमाला मनातल्या मनात हसू आलं. बजावायची काय गरज होती? लग्न झाल्यापासून कापसावाचूनही तिने तेच तर केलं होतं.

सिग्नलला फोन वाजला आणि राजनरावांचा आवाज गाडीभर झाला.

"झालं का? वाचली का दाढ?"

"नाही बाबा," स्पृहा म्हणाली. "काढावी लागली."

"अरेरे! काढली?" राजनराव मनापासून हळहळले. "मग इतकी वर्षं थांबली कशाला ती? वेळेवर दाखवायचं कुणाला तरी! मी म्हणतो, एवढ्या शिकलेल्या बायका, आणि..."

हेमाने तोंडातला बोळा काढला. हनुवटीवर रक्त आलं, तेही तिने पुसलं नाही.

"तुम्ही थांबवलंत म्हणून," ती म्हणाली. अर्धं तोंड बधिर होतं, शब्द वेडेवाकडे पडत होते. तिने ते पुन्हा म्हटलं, जोराने. "तुम्ही थांबवलंत म्हणून. दाढ गेली ती गेली. तिथे माझी पोर आपल्या हातांवर बसून होती, राजन. हातांवर!"

नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतलं होतं. बाईचं काहीतरी बिनसलंय, एवढं राजनरावांना कळलं असावं, कारण ते पुन्हा बोलले तेव्हा आवाज अगदी समजूतदार होता.

"ते ठीक आहे गं. आपण बोलू. पण दिघ्यांना आता काय सांगायचं, ते आधी ठरवायला हवं."

हेमाने फोन बंद केला. सिग्नल हिरवा झाला, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. स्पृहाने घराच्या वळणासाठी डावा इंडिकेटर लावला होता. हेमाने हात लांब करून तो बंद केला.

"सरळ घे," ती म्हणाली. "तुझ्या घरी."